सकीनाचे केस आणि सरवरीचे केस

श्रीरामपूरच्या मेन रोडला राधाकृष्णचं छोटंसं जनरल स्टोअर्स होतं. बांगलादेशची लढाई संपली त्याच हिवाळ्यात एका सकाळी तो स्टुलावर चढून मेघमाला केशतेलाची पत्र्याची पाटी दुकानाच्या दारावर ठोकत होता. पाटीवर एक बाई पाठमोरी उभी होती, केस तिच्या घोट्यापर्यंत आलेले, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्व प्रकारच्या केसांसाठी'. शेवटचा खिळा ठोकताना स्टूल कलंडलं. पाटी जागच्या जागी राहिली. राधाकृष्णचा पाय मात्र मोडला, आणि डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून त्याला खाटेवर निजवलं.

लग्नसराई तोंडावर आली होती. अशा वेळी दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाणार आणि पुन्हा परत यायचं नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्याची बायको मालन दुकानात बसू लागली. ती बेलापूरच्या शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी दुकानात तिचं काम झाडण्यापुरतं आणि नवऱ्याला चहा नेऊन देण्यापुरतं. घर दुकानाच्या मागेच होतं, मध्ये एक जाड पडदा. आता पडद्याच्या आत खाटेवर राधाकृष्ण आणि बाहेर मालन, असा कारभार सुरू झाला.

"वह्या उजव्या हाताला, वरच्या फळीवर," आतून आवाज यायचा.

"दिसत्यात मला."

"बटणांचा डबा खाली आहे."

"त्यो बी दिसतोय."

"आणि हे बघ, कुणी केसांचं काही मागितलं की मेघमाला द्यायचं. विचारत बसायचं नाही. सगळ्यांना चालतं ते."

"कुनी सांगितलं?"

"पाटीवर लिहिलंय की."

राधाकृष्ण दुकानात असताना बायका पायरीच्या वर येत नसत. पदर तोंडाशी धरून वस्तूचं नाव सांगायचं, पुडी घ्यायची, चालू लागायचं. पुष्कळ जणी तर नवऱ्यालाच पाठवायच्या. मालन बसायला लागली तशा त्या गल्ल्यापुढच्या फळकुटाला टेकून उभ्या राहू लागल्या. एकीचे केस न्हाणीच्या मोरीत गोळा होत होते. एकीच्या लेकीच्या केसांत इतका गुंता की फणीचे दात मोडले. कारखान्याच्या कॉलनीतली चांगुणा नावाची बाई तर इकडे-तिकडे पाहून हळूच म्हणाली, "खपल्या निघतात हो डोक्यातून. ह्यांना सांगायची लाज वाटते."

मालन सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि सगळ्यांना मेघमालाची बाटली द्यायची. आत राधाकृष्ण खूश होता. पडून पडून तो नुसता बाटल्यांचा आवाज ऐकायचा.

एके दुपारी नियाजभाई पिंजाऱ्याच्या दोन मुली आल्या. नियाजभाईंचं गाद्या-दुलया भरायचं दुकान पलीकडच्या गल्लीत होतं. थोरली सकीना, बेलापूरला दिलेली. धाकटी सरवरी, तिचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं, संगमनेरला. सकीना बहिणीच्या लग्नासाठी आधीच माहेरी येऊन राहिली होती. दोघी एकमेकींच्या हातात हात घालून आल्या.

"मालनकाकी, मेघमालाची मोठी बाटली द्या," सकीना म्हणाली. "दोघींत एक. लग्नापर्यंत हिचे केस त्या पाटीवरच्या बाईसारखे झाले पाहिजेत."

"घोट्यापर्यंत नकोत," सरवरी म्हणाली. "कमरेपर्यंत चालतील."

मालननं हसत बाटली कागदात गुंडाळून दिली.

पुढच्या आठवड्यात त्याच दोघी परत आल्या, पण हातात हात नव्हते. सकीना पुढे, सरवरी मागे, आणि दोघींच्या हातांत एकेक लहान बाटली. मोठीतलं तेल त्यांनी घरी अर्धं अर्धं करून घेतलं होतं. सरवरीनं आपली बाटली फळकुटावर आपटून ठेवली.

"काकी, ह्यात पाणी आहे की नाही सांगा."

"तेलात पानी कसं राहील?" मालन म्हणाली.

"मग काय आहे ते तुम्हीच बघा. हिनं चांगलं तेल स्वतःला ठेवलं आणि मला दुसरंच काहीतरी भरून दिलं."

"मी कशाला देऊ दुसरं?" सकीना चिडून म्हणाली. "लग्न माझं आहे का?"

"तुझं झालंय. तरी मिरवायचं तुलाच आहे."

मालननं दोघींना आत यायला सांगितलं आणि ओढण्या खाली घ्यायला लावल्या. सकीनाचे केस दाट आणि कुरळे होते, आणि त्या दिवशी त्यांच्यावर अशी झळाळी होती की मालन क्षणभर बघतच राहिली. सरवरीचे केस मऊ, सरळ, रेशमाच्या धाग्यासारखे बारीक. पण आता ते डोक्याला चिकटून बसले होते. वेणी बोटाएवढी दिसत होती. कपाळ तेलकट, कानामागे तेल, कुडत्याच्या गळ्यालाही डाग. एरवी तिचा चेहरा हसरा, पण आज ती पावसात सापडलेल्या कोंबडीसारखी दिसत होती, आणि ते तिला ठाऊक होतं.

मालननं दोन्ही बाटल्यांचा वास घेतला. दोन्हींतलं थेंब थेंब तेल दोन तळव्यांवर चोळून पाहिलं. काही फरक लागेना.

"तेल एकच हाय," ती म्हणाली.

"मग असं का?" सरवरीनं विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

मालननं बाटल्यांची बुचं लावली. ती पडद्याकडे वळली. "अहो, ऐकलंत का?"

"ऐकलं," राधाकृष्ण आतून म्हणाला. "कमी लावलं असेल. जास्त लावायला सांग."

सरवरीनं एक हुंदका दिला.

संध्याकाळी नियाजभाई स्वतः आले. अंगावर कापसाचे तंतू, डोक्याच्या टोपीवरही कापूस. ते पायरीवरच बसले.

"वैनी, घरात दोन बाटल्यांवरून लढाई चाललीय. जेवायला बसलं तरी तेच, झोपायला गेलं तरी तेच. मी दुलया भरू का न्याय करू? बाटली तुमच्या दुकानातली, तेव्हा न्याय पण तुम्हीच करा."

"शुक्रवारी दोघींना न्हायला हितंच पाठवा," मालन म्हणाली. "माज्या डोळ्यांपुढं न्हाऊ द्या. मंग कुनी कुनाला फसवलं ते कळंल."

शुक्रवारी मालननं आणि शेजारच्या चहावाल्या पुंजारामनं राधाकृष्णची खाट उचलून दुकानात नेली. घराच्या मागच्या अंगणात दोन मुली न्हाणार, तेव्हा त्याचं तिथं काही काम नव्हतं. तो प्लास्टरचा पाय पोत्यावर ठेवून, वैतागून दुकान सांभाळत बसला. मागच्या बोळातून सकीना आणि सरवरी आल्या. मालननं चुलीवर एकच हंडा तापवला होता. एकाच पातेल्यात शिकेकाई आणि भरपूर रिठे उकळले होते. दोघींना एकच पाणी, एकच काढा, म्हणजे भांडणाला जागा नको.

न्हाणं झालं. दोघी उन्हात पाठ करून बसल्या. अंगणात जाईचा वेल होता, त्याच्या सावलीत मालन धान्य निवडत बसली आणि केस वाळायची वाट पाहू लागली.

सरवरीचे केस आधी वाळले. तेल सगळं निघून गेलं होतं आणि केस वाऱ्यावर असे उडू लागले की तिनं दोन्ही हातांनी धरले तरी निसटत होते. तिनं आरशात पाहिलं आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

सकीनाचे केस वाळायला वेळ लागला. वाळले तसे ते फुगत गेले. आधी कानांपर्यंत, मग खांद्यांपर्यंत, मग सगळीकडून. मालननं हात लावून पाहिला तर नारळाच्या काथ्यासारखे खरखरीत लागले. फणी आत जाईना, गेली तर बाहेर येईना. सकीनानं आरसा घेतला. केस दोन्ही हातांनी दाबून पाहिले, ते पुन्हा वर आले.

"अब्बांच्या दुकानात जाऊन बसले," ती शेवटी म्हणाली, "तर ते मला दुलईत भरतील."

सरवरीला हसू आवरेना. सकीनाही हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. लग्न सरवरीचं असलं तरी सासरची सगळी माणसं येणार होती, आणि नवरीची बहीण म्हणून सगळ्यांच्या नजरा तिच्यावरही असणार होत्या.

"बाटली बदलली नव्हती," सरवरी हळूच म्हणाली. "माझंच चुकलं, आपा."

भांडण मिटलं, पण मालनला चैन पडेना. न्याय करायला बसली आणि एकीचं भलं करताना दुसरीचं वाटोळं करून ठेवलं. तिनं सरवरीचा एक केस आणि सकीनाचा एक केस घेतला, ते तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. सरवरीचा केस दिसतसुद्धा नव्हता नीट. सकीनाचा वळणावळणाचा, जाड, बोटानं चाचपता येण्यासारखा. पाण्यात बुडवला तर सरवरीचा केस तेव्हाच निथळला, सकीनाचा पाणी पीत बसला.

माहेरी घोंगडी कशी धुतात ते मालनला आठवलं. तिची आई मलमलीचं लुगडं धुवायची त्याच रिठ्यांच्या पाण्यात घोंगडी कधी घालायची नाही. घोंगडीला पाणी थंड, रिठा नावाला, आणि पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. का असं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. घरात सगळ्यांनाच ते ठाऊक होतं.

"अहो," रात्रीच्या जेवणाला बसताना ती नवऱ्याला म्हणाली, "लुगडं आन् घोंगडी एका पान्यात धूत न्हाईत, मंग सगळ्या बायांची डोकी एका तेलानं कशी चालतील?"

"कंपनीला कळत नाही का?" राधाकृष्ण म्हणाला. "मोठी माणसं आहेत ती. सर्व प्रकारच्या केसांसाठी, असं छापलंय."

"छापनाऱ्यानं सकीनाचे केस बघितल्यात का?"

राधाकृष्णनं भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवला.

दुसऱ्या दिवसापासून मालननं स्वतःच्या डोक्यावरच प्रयोग सुरू केले. काष्ठौषधींच्या दुकानातून तिनं मेथ्या, नागरमोथा, आवळकाठी, माका असं थोडं थोडं आणलं. भिजवलेल्या मेथ्या वाटून केसांना लावल्या तर केस जड झाले आणि कितीही धुतलं तरी वास जाईना. राधाकृष्ण दोन दिवस विचारत होता, घरात मेथीची भाजी केलीय का. एकदा नुसत्या रिठ्यांनी न्हाली तर डोकं खाजत राहिलं. लिंबाचं पाणी शेवटी ओतून पाहिलं तर केस हलके आणि मोकळे झाले. जास्वंदीची पानं चुरगाळून पाण्यात घातली तर त्याचं शेवाळासारखं बुळबुळीत पाणी झालं. ते केसांवरून घेतलं की गुंता आपोआप सुटायचा. काय कुणाला चालेल ते तिला हळूहळू उमगत गेलं. जे तिला जड व्हायचं ते सकीनाला चालेल, आणि जे तिला कोरडं करायचं ते सरवरीला चालेल, असा तिचा अंदाज.

पुढच्या शुक्रवारी राधाकृष्णची खाट पुन्हा दुकानात गेली. त्यानं या वेळी कुरकुर केली नाही, फक्त वाचायला वर्तमानपत्र मागून घेतलं.

अंगणात आता दोन पातेली होती. सकीनाच्या केसांना मालननं न्हायच्या आधी कोमट खोबरेल अगदी टोकांपर्यंत लावलं. मग मेथ्यांचा लगदा. धुवायला शिकेकाईचं पाणी, त्यात रिठा अगदी नावाला, आणि शेवटी जास्वंदीच्या पानांचं पाणी. केस ओले असतानाच तिनं मोठ्या दातांच्या लाकडी फणीनं खालून वर असा गुंता काढला, पिळलं नाही, पंच्यानं नुसतं दाबलं.

"आता हात लावू नको त्याला," तिनं सकीनाला बजावलं. "वाळले की मंग बघ. आन् वाळल्यावर फनी लावायची न्हाई. वळन मोडतं त्यानं."

"लहानपणापासून वाळल्यावरच फणी करते मी, काकी."

"म्हनूनच फुगत्यात."

सरवरीला तिनं दोन थेंब तेल नुसतं डोक्याच्या कातडीला लावलं, तेही न्हायच्या आधी तासभर. केसांच्या लांबीला काहीच नाही. मग शिकेकाई, रिठे, आणि शेवटी लिंबू पिळलेलं गार पाणी. मेथी तर जवळही आणली नाही.

"न्हाऊन झाल्यावर तेल नाही लावायचं?" सरवरीनं विचारलं.

"तुला न्हाई."

"सगळे लावतात पण."

"सगळ्यांचे केस तुज्यासारखे न्हाईत."

दोघी उन्हात बसल्या. मालननं चहा केला, तो गार होईपर्यंत कुणी प्यायला नाही. सरवरीचे केस मोकळे झाले, पाठीवर पसरले, हललं की पाण्यासारखे हलत होते. आणि सकीनाचे केस फुगले नाहीत. ते एकेका वळणानं खाली येत गेले, काळेभोर, जसे कुणीतरी बोटावर गुंडाळून सोडावेत तसे. सकीनानं आरसा घेतला, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, मग आरसा बहिणीच्या हातात दिला आणि पाठीमागून कसं दिसतं ते दाखवायला सांगितलं.

"आपा, तू लग्नाला नको येऊस," सरवरी म्हणाली. "सगळे तुलाच बघतील."

त्या दोघी बोळातून घरी गेल्या त्या सरळ गेल्या नाहीत. वाटेत मावशीच्या घरी थांबल्या, शिंपिणीच्या घरी थांबल्या, शेजारणीला दाखवून आल्या. त्याच आठवड्यात मालनच्या दुकानाच्या पायरीवर बायका ताटकळू लागल्या.

आता मालन बाटली लगेच काढून देत नसे. आधी विचारायची. केस बारीक की जाड, न्हाल्यावर दुसऱ्याच दिवशी चिकट होतात की आठ दिवस कोरडे राहतात, पाणी नळाचं की विहिरीचं. विहिरीचं जड पाणी असलं की ती साबण घेऊ देत नसे, कारण त्या पाण्यात साबणाची साय केसांवर बसते, हे तिला माहेरापासून ठाऊक होतं. तिथं शिकेकाईच घ्यायला सांगायची. चांगुणाला तिनं तेल काही दिवस पूर्ण बंद करायला लावलं आणि आंबट दही चोळायला सांगितलं. चांगुणा परत आली तेव्हा तिनं पदर डोक्यावरून खाली घेतला होता, आणि तिच्याबरोबर कॉलनीतल्या आणखी बायका होत्या. काही जणींना मेघमालाच चांगलं चालत होतं. त्यांना मालन तेच देई. पण ज्यांना नको त्यांना ती स्पष्ट सांगे, "हे तुमच्यासाठी न्हाई."

पडद्याआडून राधाकृष्णला ते वाक्य ऐकू आलं की तो खाटेवर अर्धा उठून बसायचा. दुकानदारानं आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं, हे त्याच्या बापानं त्याला कधी शिकवलं नव्हतं.

"अगं, घेऊन जातेय तर जाऊ दे की."

"घेऊन जाईल, आन् पुढच्या आठवड्यात सरवरीसारखी भांडाया येईल."

"एक बाटली कमी खपली."

"शिकेकाई किती गेली ते इचारलं न्हाई तुमी. लाकडी फण्या संपल्या. नवीन मागवा."

फण्या खरोखरच संपल्या होत्या. वर्षानुवर्षं फळीवर पडून असलेल्या, बारीक दातांच्या प्लास्टिकच्या फण्यांपुढे ज्यांच्याकडे कुणी बघत नसे अशा लाकडी फण्या. संध्याकाळी राधाकृष्णनं स्वतःहून नवीन फण्या कुठून मागवायच्या ते तिला सांगितलं.

प्लास्टर निघून तो काठीच्या आधारानं दुकानात बसायला लागला, त्याच सुमाराला मेघमालाचा माणूस नगरहून आला. सूर्यभान त्याचं नाव. अंगात काळा कोट, हातात चामडी पिशवी, केस तेलानं चापून बसवलेले. त्यानं फळीकडे पाहिलं. मागच्या खेपेला दिलेल्या बाटल्यांपैकी बऱ्याच तिथेच होत्या.

"शेठ, लग्नाचे दिवस आणि माल हलत नाही?"

राधाकृष्णनं मालनकडे पाहिलं. ती एका बाईला आवळकाठी बांधून देत होती.

"ज्यांना चालतं त्यांना देते," मालन म्हणाली.

"वैनी, आमचं तेल सगळ्यांना चालतं. पाटी बघितली ना दारावर?"

मालननं त्याच्याकडे नीट पाहिलं. काळ्या कोटाच्या कॉलरवर, खांद्यावर पांढरा भुसा पडला होता. त्यानं बोलता बोलता दोनदा कानामागं खाजवलं होतं.

"तुमाला चालतं का?" तिनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

सूर्यभाननं खांदा झटकला. "आम्ही वापरतोच. रोज. दाखवायला लागतं लोकांना."

"म्हनूनच कोंडा झालाय. तेल महिनाभर बंद ठेवा. दही लावा, लिंबू लावा."

दुकानातल्या बाईनं तोंडावर पदर घेतला. सूर्यभानचा चेहरा तांबडा झाला. तो राधाकृष्णकडे वळला.

"शेठ, हे असं असेल तर मला विचार करावा लागेल. पाटी काढून समोरच्या दुकानाला देतो. तिथं माल तरी हलेल."

मालनचा हात थांबला. आपण जास्त बोललो असं तिला वाटलं. नवऱ्यानं पाय मोडून घेतला तो त्या पाटीसाठी, आणि ती पाटी जाणार ती आपल्या तोंडामुळे. तिनं मान खाली घातली आणि राधाकृष्ण काय म्हणतो याची वाट पाहू लागली.

राधाकृष्णनं काठी फळकुटाला टेकवली.

"काढायची तर काढा," तो म्हणाला. "स्टूल त्या कोपऱ्यात आहे. मी मात्र पुन्हा चढणार नाही."

दुकानातली बाई आता उघड हसली. राधाकृष्णही हसला, आणि मग शांतपणे म्हणाला, "तुमच्या तेलाला ती वाईट म्हणत नाही. ज्याला पाहिजे त्याला देतेच. पण आता इथं येणारी बाई तिला विचारल्याशिवाय काही नेत नाही. मी बसलो तर विचारतात, बाई कुठं आहेत, आणि निघून जातात. माझ्याच दुकानात माझं असं आहे. समोर पाटी लावून तुम्हाला काय मिळेल ते तुम्ही बघा."

सूर्यभाननं कॉलरवरचा भुसा बोटांनी झटकला. त्यानं पिशवीतून नवीन बाटल्या काढल्या, पण नेहमीपेक्षा कमी. त्या मोजून फळीवर ठेवल्या. पायरी उतरताना तो थांबला आणि त्यानं मागे न वळता विचारलं, "दही आंबट घ्यायचं की ताजं?"

"आंबट," मालन म्हणाली. "आन् कोट उन्हात घाला."

तो गेल्यावर मालन बराच वेळ नुसती पुड्या बांधत राहिली.

"तुमाला राग न्हाई आला?" तिनं शेवटी विचारलं.

"आला होता," राधाकृष्ण म्हणाला. "पहिल्या दिवशी. आता डाव्या बाजूची फळी रिकामी करतो, तिथं तुझं सामान मांड. माझी बटणं उजवीकडे जातील."

सरवरीचं लग्न झालं तेव्हा ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. नियाजभाईंनी गल्लीत मांडव घातला होता आणि हिंदू पाहुण्यांसाठी वेगळा आचारी लावला होता. मालन सकाळीच नवरीच्या खोलीत गेली. सरवरीच्या हातांवर मेंदी चढली होती, म्हणून केस तिनंच विंचरून दिले. केसांना तेलाचा एक थेंबही नव्हता. सरळ, मोकळे, हलके केस. जाईचा गजरा घालताना ते बोटांतून निसटत होते. सकीनानं आपले कुरळे केस नुसते मागं घेऊन बांधले होते, आणि आल्या-गेल्याची नजर तिच्यावर थांबत होती हे तिला कळत होतं.

निकाह झाला, जेवणं झाली. निरोपाच्या आधी सरवरीनं मालनचा हात धरला.

"काकी, संगमनेरला पाणी वेगळं असेल. मग काय करू?"

"महिनाभर हेच कर. केस काय म्हनत्यात ते बघ. चिकट झाले तर लिंबू वाढव, कोरडे पडले तर रिठा कमी कर. कुनी काय सांगितलं म्हनून करू नको."

"तुम्ही सांगितलं म्हणून तरी?"

"मी सांगितलं म्हनून बी न्हाई. तुज्या डोक्यावर दिसलं पायजे."

हे बोलणं खोलीतल्या संगमनेरच्या बायका ऐकत होत्या. एक तरुण नणंद पुढे सरकली आणि म्हणाली, तिचे केस वर्षभर गळताहेत. तिच्यामागून दुसरी आली. तिसरीनं वेणीच सोडली. सरवरीची सासू सरवतबी मात्र भिंतीशी टेकून बसली होती, करड्या चेहऱ्याची, सकाळपासून कुणाशी दोन शब्दांपेक्षा जास्त न बोललेली. तिच्याकडे पाहून पोरी जरा मागे हटल्या. सरवतबीनं ओढणी बाजूला केली, अंबाड्यातले आकडे एकेक काढून मांडीवर ठेवले आणि केस सोडले. पांढरे-काळे, दाट, आणि टोकांना कोरडे पडलेले.

"माझे बघा," ती म्हणाली. "पोरीच्या केसांचं ऐकलं मी. म्हाताऱ्या केसांचं काही आहे का तुमच्याकडं?"

मालन तिच्यामागं सतरंजीवर बसली, एक बट हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

बाहेर मांडवात राधाकृष्ण निघायच्या तयारीत उभा होता. सकीना दारात येऊन त्याला म्हणाली, की काकींना वेळ लागेल, संगमनेरच्या सगळ्याच रांगेत बसल्या आहेत. राधाकृष्णनं नियाजभाईंच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली, बसला, आणि मांडवात चहा वाटणाऱ्या पुंजारामला हाक मारून दोघांसाठी चहा सांगितला.